शिळ्या कढीला ऊत? : स्पॅनिश गाण्यांतील उसन्या चालींची कथा



मेक्सिको देशात घेवड्याच्या जातीचे दाणे शिजवतात, ठेचतात आणि चरबीवर परतून मक्याच्या पोळीबरोबर खातात. या पदार्थाला तेथे 'फ्रिहोलेस रेफ्रितोस' असे म्हणतात. 'रेफ्रितो' म्हणजे पुन्हा परतलेले. १९६० च्या सुमारास मेक्सिको शहरातील तरुण पोरे अमेरिकेत गाजलेल्या इंग्रजी गाण्यांच्या चालींवर स्पॅनिश शब्द बसवून ती गाणी म्हणू लागली, आणि या गाण्यांनाही हेच नाव पडले : रेफ्रितो. आपल्याकडे कोणी त्यांना 'शिळ्या कढीला ऊत' म्हटले असते. दोन्हींतली हेटाळणी एकच. दुसऱ्याच्या घरी शिजलेले अन्न आणायचे, आपल्या तव्यावर गरम करायचे आणि स्वतःचे म्हणून वाढायचे, यात कसले आले कर्तृत्व?

हा प्रश्न आज आम्ही मुद्दाम आपल्यापुढे ठेवीत आहोत. विषय परका वाटेल, परंतु प्रश्न परका नाही. एखादी नवी कला बाहेरून येते, तरुणांना वेड लावते, आणि मग तिच्यासाठी आपली भाषा वापरावी की तिचीच भाषा घ्यावी असा पेच पडतो. 'हे आपल्या भाषेत शोभत नाही' असे जेव्हा एखादा समाज म्हणू लागतो, तेव्हा गाण्यापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांनी हा पेच कसा सोडवला, त्यात काय कमावले आणि काय गमावले, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम आपल्याच घरात डोकावू. उसन्या चालीचे नाव काढताच मराठी माणसाने नाक मुरडावे असे काही नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातील पदांना साकी-दिंड्यांबरोबर कानडी चालींचाही आधार होता. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द घालून मूळ गाण्याचा उल्लेख राजरोस छापलेला असे. त्यात लपवाछपवी नव्हती आणि कमीपणाही नव्हता. चाल उसनी, पद आपले, असा तो सरळ व्यवहार होता. पुढे आमच्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५० च्या 'समाधी' चित्रपटात जे एक गाजलेले गोऱ्या छोऱ्याचे गाणे दिले, त्याची चाल १९४५ च्या एका अमेरिकन चित्रपटात कारमेन मिरांडा हिने गायिलेल्या पोर्तोरिकोच्या 'चिको'च्या गाण्यावरून सुचलेली. म्हणजे आज आपण ज्या प्रवाहाकडे पाहणार आहोत, त्याचा एक शिंतोडा मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहापर्यंतही उडाला होता.

आता मेक्सिकोकडे वळू. 'रॉक अँड रोल' या नावाचे संगीत १९५५ नंतर तेथे पोचले ते चित्रपटांच्या आणि आयात तबकड्यांच्या वाटेने. आरंभी ते पोक्त मंडळींच्या हाती होते. नाचगाण्याच्या मोठ्या वाद्यवृंदांनी आणि रंगमंचावरील गायिकांनी ते एक नवा नाच म्हणून उचलले. ग्लोरिया रिओस हिने 'घड्याळाच्या गाण्या'चे स्पॅनिश रूप म्हटले ते याच काळात. परंतु या संगीताभोवती लवकरच संशयाचे वातावरण जमले. १९५७ साली एल्विस प्रेस्ली याने मेक्सिकन स्त्रियांविषयी अपमानास्पद उद्गार काढले अशी बातमी पसरली. त्याने तसे म्हटल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, परंतु अफवेला पुरावा लागतो कोठे? नभोवाणीवरून त्याच्या गाण्यांवर बहिष्कार पडला आणि त्याच्या तबकड्यांची होळी झाली. १९५९ साली मेक्सिको शहरातील 'लास आमेरिकास' चित्रपटगृहात त्याचा 'किंग क्रिओल' लागला, तेव्हा तरुणांनी आत असा दंगा केला की वृत्तपत्रांना महिनाभराचा मजकूर मिळाला. अशा पोरांना तेथे 'निष्कारण बंडखोर' म्हणत. जेम्स डीनच्या चित्रपटाचे नावच लोकांनी शिवीसारखे वापरावयास घेतले होते.

त्यातच जानेवारी १९६० मध्ये नभोवाणी आणि दूरचित्रवाणीसंबंधीचा नवा संघीय कायदा प्रसिद्ध झाला. प्रक्षेपणकेंद्रांनी राष्ट्रभाषा वापरावी, अन्य भाषेस खास परवानगी लागेल, असे त्यात कलम होते. त्यामुळे इंग्रजी गाणी एका रात्रीत बंद झाली असे नव्हे. तथापि वारा कोणत्या दिशेने वाहत होता ते त्यावरून कळते. एकीकडे तरुणांची भूक, दुसरीकडे आईबापांची भीती, तिसरीकडे सरकारचा भाषेविषयीचा आग्रह आणि चौथीकडे तबकड्या विकू पाहणारे व्यापारी. या चौघांचीही सोय एकाच युक्तीने होत होती : चाल अमेरिकेची ठेवावी, शब्द स्पॅनिश करावे, आणि गाणाऱ्या मुलांचे केस नीट विंचरलेले असावेत!

या युक्तीतून जे निघाले त्याचा अग्रदूत म्हणजे 'लॉस टीन टॉप्स' हा चमू. गाणारा एन्रिके गुस्मान हा तेव्हा ऐन सतरा-अठरा वर्षांचा. १९६० साली कोलंबिया कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या आणि मेक्सिकोत त्या घरोघर वाजू लागल्या. लिटल रिचर्डचे १९५८ मध्ये गाजलेले 'मिस मॉली'चे गाणे त्यांनी 'ला प्लागा' म्हणून गायिले. एल्विसचे १९५७ चे तुरुंगाचे गाणे 'एल रोक दे ला कार्सेल' झाले. लॅरी विल्यम्सच्या १९५७ च्या 'बोनी मरोनी'ची 'पोपोतितोस' झाली. जोडीला 'लॉस लोकोस देल रित्मो', 'लॉस रेबेल्देस देल रॉक', 'लॉस हूलिगन्स' असे चमू उभे राहिले. नावे पाहा : तालाचे वेडे, रॉकचे बंडखोर, गुंड! नावात एवढी दहशत, आणि तसबिरीत पाहावे तर एकसारखे कोट घातलेली सुशील मुले. यांतील 'रेबेल्देस'चा गायक जॉनी लाबोरिएल याने 'कोस्टर्स' या कृष्णवर्णीय चमूचे १९५९ चे विषारी वेलीचे गाणे 'इएद्रा वेनेनोसा' म्हणून गायिले. लाबोरिएलचे आईबाप होंडुरासमधील गारिफुना, म्हणजे आफ्रिकी आणि कॅरिबियन मूळ रहिवाशांच्या मिश्र वंशाचे. तेव्हा हे गाणे त्याच्या मुखी यावे यात एक न बोललेली संगती होती.

आता या गाण्यांच्या पोटात शिरून पाहू, कारण वादाचा निकाल तेथेच लागतो. 'ला प्लागा' याचा शब्दार्थ रोगाची साथ, उपद्रव. आपण एखाद्या खोडकर पोरीला 'काय ब्याद आहे!' म्हणतो, तसा हा शब्द. मूळ इंग्रजी गाण्यातली मॉली ही रात्र जागवणारी, जराशी बदलौकिकाची स्त्री. स्पॅनिशमध्ये ती झाली नाचात सर्वांवर कडी करणारी मुलगी. मूळ गाण्यात आईबाप मुलाला जपून राहावयास सांगतात. मेक्सिकन मुलाचे आईबापही त्याला दटावतात, परंतु धमकी कसली? त्या मुलीबरोबर दिसलास तर तुझा 'दोमिंगो' बंद. 'दोमिंगो' म्हणजे रविवार, आणि मेक्सिकोत रविवारी मुलांना हातखर्चाला जे पैसे देतात त्यांनाही दोमिंगोच म्हणतात. म्हणजे आपले खाऊचे पैसे! आईबापांसाठी वापरलेला शब्दही रस्त्यावरचा आहे. त्याचा अर्थ 'साहेब', 'वरिष्ठ'. मूळ गाण्यातला प्रियकर हिऱ्याची अंगठी आणावयास निघतो. मेक्सिकन प्रियकर मुलीला पाद्र्याकडे घेऊन जाऊ पाहतो, आणि वर कबुली देतो की तू काही फार रूपवान नाहीस, पण तुला नाचता येते.

हे भाषांतर आहे काय? कोशाच्या दृष्टीने नाही. परंतु एक घर उचलून दुसऱ्या गल्लीत नेऊन ठेवावे आणि त्याच्या दाराखिडक्या त्या गल्लीच्या वाऱ्याप्रमाणे बदलाव्यात, तसे हे झाले आहे. त्यात जॉर्जियाच्या कृष्णवर्णीय वस्तीतील रात्र गेली, आणि मेक्सिको शहरातील मध्यमवर्गीय घरातला रविवार आला. जे गेले त्याची हळहळ वाटावी. परंतु जे आले ते खोटे म्हणता येत नाही.

'पोपोतितोस'ची कथा याहून सुरस आहे. मूळ गाणे एका सडपातळ मुलीचे, आणि तिला उपमा दिली आहे मॅकरोनीच्या कांडीची. मरोनी आणि मॅकरोनी असे इंग्रजीत यमक जुळते. स्पॅनिशमध्ये ते यमक राहणार कसे? मग रूपांतर करणाऱ्याने मॅकरोनी टाकून दिली आणि 'पोपोते' हा शब्द घेतला. सरबत पिण्याच्या नळीला मेक्सिकोत पोपोते म्हणतात. त्याचे लाडके अनेकवचन 'पोपोतितोस', म्हणजे नळ्यांसारख्या पायांची. आता हा शब्द कोठला? तो स्पेनचा नाही. अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत ज्या गवताच्या काडीचे केरसुणे करीत त्या काडीचे हे नाव. स्पॅनिश विजेते आले, राज्ये बुडाली, देवळे पडली. परंतु केरसुणीची काडी भाषेत तग धरून राहिली, आणि चारशे वर्षांनंतर न्यू ऑर्लिन्सच्या एका कृष्णवर्णीय गायकाच्या चालीवर बसून नाचू लागली. याला शिळी कढी म्हणावे काय?

या कामात एक तांत्रिक अडचण होती, तीही ध्यानात घेण्याजोगी आहे. इंग्रजीत एकाक्षरी शब्दांचा सुकाळ आहे. ओळीचा शेवट हातोडा मारल्यासारखा ठाम करता येतो. स्पॅनिश शब्द लांब, आणि त्यांतील बहुतेकांचा आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. म्हणून ओळ संपताना शेवटचे अक्षर लोंबते. जेथे इंग्रजीत आठ शब्द बसतात तेथे स्पॅनिशमध्ये चार-पाचच मावतात. उपाय काय? ओळीच्या शेवटी शेवटच्या अक्षरावर आघात असलेले शब्द आणावे. असे शब्द म्हणजे क्रियापदांची मूळ रूपे, जसे 'बाइलार', नाचणे. 'कासार', लग्न करणे. किंवा 'आमोर', 'कोरासोन' यांसारखी नामे. स्पॅनिश गाण्यांत प्रेम आणि काळीज यांची जी रेलचेल दिसते, तिला भावनेइतकेच व्याकरणही कारण आहे! जेथे शब्दच नव्हता तेथे तो पाडला. 'रॉक अँड रोल'चे एक अस्सल स्पॅनिश क्रियापद बनवून त्याला प्रत्यय लावले. ज्या भाषेत परक्या नामाचे क्रियापद होते, त्या भाषेने ती वस्तू पचवली असे समजावे.

येथे आमच्या विवेचनास कोणी आडवा प्रश्न घालील : हे सारे ठीक, पण ज्याची चाल त्याला काय मिळाले? प्रश्न रास्त आहे. लिटल रिचर्ड आणि लॅरी विल्यम्स हे दोघे कृष्णवर्णीय. ज्या समाजातून हे संगीत उगवले त्याला अमेरिकेतच पुढच्या दाराने प्रवेश नव्हता. १९५६ साली लिटल रिचर्डचेच 'तुत्ती फ्रुत्ती' पॅट बून या गोऱ्या, सोज्ज्वळ गायकाने धुऊन-पुसून गायिले आणि ते अधिक मोठ्या बाजारात खपले. 'हाउंड डॉग' हे गाणे बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय स्त्रीने १९५२ साली ध्वनिमुद्रित केले होते. जगाने ते १९५६ मध्ये एल्विसचे म्हणून ओळखले. म्हणजे 'मूळ' ज्याला म्हणतो तेही पुष्कळदा दुसऱ्या हातचेच होते, आणि झिलई देण्याचे काम मेक्सिकोपूर्वी अमेरिकेतच सुरू झाले होते. मेक्सिकन कंपन्यांनी तीच रीत पुढे चालवली. या हिशेबात जो खरा धनको होता त्याचे नाव ऐकणाऱ्या पोरांच्या कानांवर फारसे पडले नाही. हा दोष आम्ही झाकू इच्छीत नाही. आपल्या नाट्यपदावर निदान 'चाल' म्हणून एक ओळ तरी छापलेली असे.

तथापि उसनवारी हाच जर गुन्हा असेल तर आरोपींच्या पिंजऱ्यात फार मोठी मंडळी उभी करावी लागतील. लिव्हरपूलच्या बीटल्सची १९६३ ची पहिली मोठी तबकडी घ्या. तिच्यातील चौदा गाण्यांपैकी सहा दुसऱ्यांची. लॅरी विल्यम्सची तर त्यांनी तीन गाणी ध्वनिमुद्रित केली. गुरूच्या घरी पाणी भरल्यावाचून विद्या येत नाही. फरक एवढाच, की इंग्रज मुलांना गुरूचीच भाषा होती. मेक्सिकन मुलांना प्रत्येक धडा आधी आपल्या भाषेत उतरवून घ्यावा लागला.

आणि हा व्यापार एकतर्फीही नव्हता. मेक्सिकोच्या मारिया ग्रेवेर या संगीतकर्त्रीचे १९३४ चे गीत इंग्रजी शब्द लेवून अमेरिकेत गेले आणि १९५९ साली डायना वॉशिंग्टनच्या गळ्यातून जगभर पोचले. 'किएन सेरा' हे १९५३ चे मेक्सिकन गीत दुसऱ्याच वर्षी डीन मार्टिनने इंग्रजीत 'स्वे' म्हणून गायिले. कोन्सुएलो वेलास्केस हिचे 'बेसामे मूचो' बीटल्सनी १ जानेवारी १९६२ रोजी एका कंपनीपुढे परीक्षेसाठी म्हटले. परीक्षेत ते नापास झाले, तो दोष गाण्याचा नव्हे. नॅट किंग कोल याला स्पॅनिश येत नव्हते. तरी १९५८ मध्ये त्याने शब्दांचे उच्चार घोकून संपूर्ण स्पॅनिश गाण्यांची तबकडी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील रिची व्हॅलेन्स या सतरा वर्षांच्या मेक्सिकन वंशाच्या मुलाने व्हेराक्रूझ प्रांतातले जुने लोकगीत 'ला बाम्बा' विजेच्या गिटारवर वाजवले. घरी इंग्रजीत वाढलेल्या या मुलालाही स्पॅनिश जेमतेमच येत असे. तेव्हा सीमेवरच्या या नदीचे पाणी दोन्ही तीरांच्या घागरींत भरले जात होते. मात्र उत्तरेच्या घागरी मोठ्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

मेक्सिकोतील तबकड्या अटलांटिक ओलांडून स्पेनमध्ये गेल्या, आणि खाली अर्जेंटिनापर्यंतही उतरल्या. स्पेनमध्ये जनरल फ्रँकोची राजवट आणि तिचा सेन्सॉर. इंग्रजी जाणणारे थोडे. तेथे टीन टॉप्सची गाणी म्हणजे या संगीताची बाराखडीच ठरली. ग्रानादाचा मिगेल रिओस हा तरुण 'माइक' असे इंग्रजी नाव लावून १९६२ मध्ये 'पोपोतितोस' गाऊ लागला. गंमत अशी की स्पेनमध्ये सरबताच्या नळीला 'पोपोते' कोणी म्हणतच नाही. तरी गाणे चालले! बार्सिलोनाच्या 'लॉस मुस्तांग' या चमूने बीटल्सची गाणी एकामागून एक स्पॅनिशमध्ये आणली. चिलीमध्ये जी 'नवी लाट' आली तिच्यातल्या गायकांनी दॅनी चिलियन, बडी रिचर्ड अशी नावे घेतली. मेक्सिकोच्या सेसार कोस्ताने आपले आडनाव पॉल अँकाच्या वाद्यवृंदनियोजकावरून घेतले. अर्जेंटिनाचा पुढे भावगीतांसाठी गाजलेला सांद्रो आरंभी एल्विससारखा कंबर हलवीत स्पॅनिश रूपांतरे गात असे. गाणे आपल्या भाषेत आणि नाव मात्र परक्या भाषेत, असा हा विचित्र काळ होता.

या नावांतच पुढच्या संकटाची खूण होती. मनाच्या तळाशी एक समजूत मुरत चालली होती, की हे संगीत खरे तर इंग्रजीचेच. आपण म्हणतो ती त्याची पोरकट नक्कल. कंपन्यांनी या समजुतीस खतपाणीच घातले. गाजलेला गायक चमूतून वेगळा काढावयाचा, त्याला मवाळ प्रेमगीते द्यावयाची, चित्रपटात उभा करावयाचा, अशी त्यांची रीत. एन्रिके गुस्मानचेही तसेच झाले. मुलांनी स्वतः रचलेली गाणी नव्हती असे नाही. 'लोकोस देल रित्मो'च्या गाजलेल्या गाण्यांत त्यांची स्वतःची रचनाही आहेत. परंतु आयती चाल हाताशी असता नवी कोण घेईल? याच काळात मेक्सिको शहरात जेथे तरुण चमू वाजवीत त्या लहान कॉफीगृहांवर पोलिसांच्या धाडी पडत होत्या. याप्रमाणे घरात बसून ऐकण्याजोगे रॉक स्पॅनिशमध्ये राहिले आणि रस्त्यावरचे रॉक हद्दपार होऊ लागले.

१९६८ चे साल उजाडले. २ ऑक्टोबर रोजी त्लातेलोल्कोच्या चौकात सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या. त्यानंतरच्या तरुणांनी काय करावे? त्यांनी चक्क इंग्रजीत गाणी रचावयास आरंभ केला! ग्वादालाहाराच्या एका चमूने नाव घेतले 'एमिलियानो झपाटाची क्रांती', म्हणजे अगदी मातीतले, आणि त्यांचे गाजलेले गाणे इंग्रजीत. आम्हांस हे प्रथम उलटे वाटले. परंतु विचार करता उलगडा होतो. स्पॅनिश रॉक म्हणजे कोट घातलेली सुशील मुले, दूरचित्रवाणी, कंपनी, आईबापांची पसंती, असे समीकरण त्यांच्या मनात बसले होते. ज्या भाषेत त्यांना घरी दटावले जात होते, त्याच भाषेत बंड कसे करावे? मातृभाषेची ही शोकांतिका आहे, की तिच्यावर आधी साहेबांनी ताबा मिळवला की मुले तिच्यापासून पळतात.

सप्टेंबर १९७१ मध्ये आवांदारो येथे मोठा महोत्सव झाला. लाखावर तरुण चिखलापावसात जमले. वृत्तपत्रांनी काहूर माजवले, आणि त्यानंतर रॉक संगीत नभोवाणीवरून व मोठ्या कार्यक्रमांतून जवळपास नाहीसे झाले. ते गेले कोठे? शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांत, ओस गोदामांत आणि मोडक्या सभागृहांत. तेथे ऐकणारा मजूर आणि मजुराचा मुलगा. त्याला इंग्रजी कळत नव्हते. 'थ्री सोल्स इन माय माइंड' या इंग्रजी नावाचा, इंग्रजीत गाणारा चमू आवांदारोत वाजला होता. या श्रोत्यांसमोर तो स्पॅनिशमध्ये गाऊ लागला, आणि पुढे 'एल त्री' या नावाने ओळखला गेला. एकदा कंपनीच्या हातून शिकवलेली भाषा दुसऱ्यांदा श्रोत्याने शिकवली.

अर्जेंटिनात हीच कथा वेगळ्या वळणाने गेली. रॉक स्पॅनिशमध्ये होणे नाही, असे मानणारे तेथेही होते. १९६७ मध्ये लितो नेब्बिया आणि तांगितो यांनी रचलेले 'ला बाल्सा', म्हणजे 'तराफा', हे गाणे 'लॉस गातोस' या चमूने काढले. चाल स्वतःची, शब्द स्वतःचे. तबकडी लाखांनी खपली आणि तो वाद जवळजवळ मिटला. राहिलेला निकाल इतिहासाने दिला. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या लष्करी सरकारने माल्विनास बेटांसाठी ब्रिटनशी युद्ध छेडले. ते जूनच्या मध्यापर्यंत चालले. त्या काळात नभोवाणीवरून इंग्रजी गाणी काढून टाकण्यात आली. केंद्रांना दिवसभर वाजवावयास काही तरी हवे; मग ज्यांच्याकडे आजवर संशयाने पाहिले त्या देशी रॉक गायकांची गाणी धुंडाळून वाजवली जाऊ लागली. जुलमी सरकारने स्वतःच्या लबाडीसाठी उघडलेल्या दारातून एक पिढी आत आली आणि सरकार पडल्यावरही आतच राहिली.

त्याच वर्षी निघालेल्या 'सेरू गिरान' या चमूच्या ध्वनिमुद्रिकेवर एक जुने गाणे होते. कोणते म्हणाल? 'पोपोतितोस'! त्या चमूत चार्ली गार्सियासारखा स्वतंत्र प्रतिभेचा रचनाकार होता. त्याला उसन्या चालीची गरज नव्हती. तरी अर्जेंटिनाच्या प्रेक्षकांपुढे ते गाणे वाजले, कारण आता ते लॅरी विल्यम्सचे नव्हते, मेक्सिकोचेही नव्हते. ते स्पॅनिश बोलणाऱ्या सर्वांच्या बालपणाचे झाले होते. १९८८ मध्ये एन्रिके गुस्मानची मुलगी आलेहांद्रा हिने आपल्या पहिल्याच संग्रहात बापाची 'ला प्लागा' गायिली. उसने आणलेले भांडे दुसऱ्या पिढीस वारसा म्हणून मिळाले.

यानंतर उसनवारी थांबली काय? मुळीच नाही. १९८६-८७ मध्ये एका कंपनीने 'तुझ्या भाषेतले रॉक' अशी घोषणा करून अर्जेंटिना, स्पेन, मेक्सिको येथील स्वतंत्र गाणी विकली. आणि त्याच वेळी मेक्सिकोत वाढलेला लुइस मिगेल डस्टी स्प्रिंगफील्डचे १९६३ चे गाणे स्पॅनिशमध्ये गाऊन गाजत होता. १९९० मध्ये त्याने जॅक्सन बंधूंचे १९७८ चे नाचगाणेही स्पॅनिश शब्दांत गायिले. टेक्सासात इंग्रजी बोलत वाढलेल्या सेलेनाने १९९४ मध्ये 'प्रिटेंडर्स' या चमूचे १९८२ चे इंग्रजी गाणे स्पॅनिशमध्ये म्हटले. तिच्या बाबतीत उसनी कोणती आणि स्वतःची कोणती, हे सांगणे कठीण. परंतु १९९१ मध्ये लुइस मिगेलने जे केले ते आम्हांस सर्वांत बोलके वाटते. त्याने आर्मांदो मान्सानेरो या जुन्या संगीतकाराच्या मदतीने आजोबांच्या काळातले बोलेरो, म्हणजे संथ लयीची प्रेमगीते, एकत्र करून 'रोमान्से' हा संग्रह काढला. तो लाखालाखांनी खपला. परक्या चालींवर कमावलेला गळा घेऊन तो आपल्याच माजघरात परतला, आणि तेथली जुनी पेटी उघडताच जगाने कान टवकारले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. ही शिळी कढी होती काय? आमचे मत असे. उसन्या चालीचे दोन प्रकार आहेत. एकात शब्द केवळ जागा भरतात; ते गाणे मूळ गाण्याची सावली, आणि मूळ गाणे विसरले की तीही विसरली जाते. अशी शेकडो गाणी निघाली आणि गेली. दुसऱ्या प्रकारात शब्दांतून घर बोलते : खाऊचे पैसे, पाद्र्याची गाठ, केरसुणीची काडी. ते गाणे चालीचे ऋण मान्य करते, परंतु आपल्या पायांवर चालते. भाषेची शक्ती तिच्या शब्दकोशाच्या जाडीवरून मोजू नये. परकी वस्तू दारी आली असता तिला कोणत्या पाटावर बसवावे हे जिला सुचते ती भाषा जिवंत.

आणि ऋणाविषयी एक शब्द. उसने घेण्यात पाप नाही. उसने घेतले हे विसरण्यात आहे. मेक्सिकन मुलांचे चुकले असेल तर ते एवढेच, की चालीच्या डोक्यावर चालवाल्याचे नाव ठळक लिहिण्याची आपल्या जुन्या नाटकवाल्यांची सवय त्यांच्या कंपन्यांना नव्हती. ती सवय ठेवावी, आणि मग शेजारच्या घरून विस्तव आणावयास लाजू नये. चूल आपली असली म्हणजे झाले. तिच्यावर पहिल्या दिवशी शेजाऱ्याची कढी तापेल. दुसऱ्या दिवशी आपली भाकरी भाजली जाईल. विस्तव कोठून आला हे त्या भाकरीच्या चवीत कळत नाही, पण पीठ कोणत्या शेतातले ते पहिल्या घासाला कळते.